दुसऱ्याची कागदपत्रं आपल्या संगणकावर येतात तेव्हा

तहसील कचेरीसमोरच्या आमच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, दाखल्यांचे अर्ज असं सगळं चालतं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी एक बाई उत्पन्नाच्या दाखल्याची प्रिंट घ्यायला आल्या. त्यांची फाईल शोधायला मी डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. आधी माणसाचं नाव, पुढे काम काय ते, अशी फायलींना नावं द्यायची माझी तेव्हाची पद्धत होती. यादी खाली सरकत गेली आणि एका नावापाशी बाईंची नजर थांबली. त्यांच्याच गल्लीतल्या एका मुलीचं नाव आणि पुढे ‘घटस्फोट अर्ज’. बाई काही बोलल्या नाहीत, पैसे देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई दुकानात येऊन उभी राहिली. जे अजून घरातल्या थोरल्यांनाही सांगितलेलं नव्हतं, ते गल्लीभर झालं होतं.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. संगणकात व्हायरस शिरला नव्हता. एक फाईल काम संपल्यावर दोन महिने पडून राहिली होती आणि स्क्रीनचं तोंड गिऱ्हाइकाकडे होतं, एवढंच. पण त्या आईला मी काय उत्तर देणार होतो?

तेव्हापासून दुकानात जे नियम बसवत गेलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. ते फक्त सेवा केंद्रवाल्यांसाठी नाहीत. सोसायटीचा सेक्रेटरी भाडेकरूंची आधारकार्डं गोळा करतो, शाळेतले शिक्षक शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, घरातला एखादा भाचा सगळ्या मावश्या-काकांची बँकेची कामं मोबाईलवर करून देतो. दुसऱ्याच्या वतीने कळफलकावर बोटं ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. आपल्याकडे आलेलं कागदपत्र ही ठेव असते. ती काम होईपर्यंत आपल्याकडे असते, नंतर नाही.

पहिली पायरी: लागेल तेवढंच मागा

‘आधार, पॅन, रेशनकार्ड, पासबुक, दोन फोटो, सगळं घेऊन या’ असं सांगायची आपल्याला सवय लागली आहे. कारण सोपं आहे: पुन्हा हेलपाटा नको. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे पॅनची गरज नसलेल्या कामातही पॅनची प्रत आपल्याकडे येऊन पडते. प्रत्येक कामाला नेमकं काय लागतं त्याची यादी करून भिंतीवर लावा आणि यादीबाहेरचं काही समोर आलं तर हात न लावता परत द्या.

आधारच्या बाबतीत एक सोय पुष्कळांना ठाऊक नसते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ई-आधार उतरवताना ‘मास्क्ड आधार’ असा पर्याय मिळतो. त्यात १२ अंकांपैकी पहिले ८ झाकलेले असतात आणि शेवटचे ४ दिसतात. लॉजची खोली घेताना किंवा सोसायटीच्या नोंदवहीसाठी, म्हणजे जिथे फक्त ओळख पटवायची आहे तिथे, एवढं पुरतं. शासकीय अर्जात पूर्ण क्रमांक टाकावाच लागतो तिथे इलाज नाही. पण सोसायटीच्या सेक्रेटरीने पूर्ण क्रमांकाचा आग्रह धरायचं काहीच कारण नाही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित, असं समजू नका. नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, असा तो पासवर्ड सगळ्यांसाठी एकाच साच्याचा आहे. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला ती फाईल उघडता येते. गावात तर हे सगळ्यांनाच माहीत असतं.

दुसरी पायरी: कागद घेण्याची वाट नीट ठरवा

‘व्हॉट्सॲप करा ना या नंबरवर.’ दिवसातून पन्नास वेळा उच्चारलं जाणारं हे वाक्य, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गळती इथूनच होते. फोटो फोनच्या गॅलरीत उतरतो. गॅलरीचा बॅकअप आपोआप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात जातो. तोच फोन संध्याकाळी घरी मुलाच्या हातात असतो. एका कागदाच्या अशा चार प्रती आपल्याला न कळता तयार होतात.

म्हणून दुकानासाठी वेगळा फोन ठेवा आणि तो दुकानातच राहू द्या. त्यात व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये मीडिया आपोआप उतरणं बंद करा, गॅलरीत दिसणंही बंद करा, फोटोंचा बॅकअप बंद करा. गायब होणाऱ्या मेसेजची मुदत २४ तासांवर ठेवा. मात्र गॅलरीत आधीच उतरलेली प्रत त्याने जाईलच असं नाही, ती हाताने काढावी लागते. गिऱ्हाइकाकडे मूळ कागद असेल तर समोर स्कॅन करणं सगळ्यात बरं.

काही जण आपलं व्हॉट्सॲपच दुकानाच्या संगणकावर उघडून प्रिंट काढतात. अशा वेळी त्यांच्या सगळ्या गप्पा डाव्या बाजूला उलगडतात: कुणाचा निरोप, कुणाचा राग, दवाखान्याचे रिपोर्ट. तिकडे बघू नका. प्रिंट निघाली की त्यांच्याच फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडायला सांगा आणि त्यांच्याच हाताने लॉग आउट करवून घ्या. घाईत गिऱ्हाईक निघून गेलंच, तर आपण संगणकावरून ताबडतोब लॉग आउट करायचं. उघडं राहिलेलं दुसऱ्याचं व्हॉट्सॲप म्हणजे उघडं राहिलेलं दुसऱ्याचं घर. आत डोकावणं चूकच, कुलूप कुणी लावलं नव्हतं हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

तिसरी पायरी: स्क्रीन फिरवा, नावं बदला

हा सगळ्यात स्वस्त उपाय. मॉनिटर असा ठेवा की ज्याचं काम चालू आहे त्याला दिसेल, पण रांगेतल्या पुढच्याला दिसणार नाही. आमच्या दुकानात काउंटर आडवा होता, तो उभा केला. अर्ध्या दिवसाचं काम.

फोल्डरला माणसाचं नाव देऊ नका, तारीख आणि टोकन क्रमांक द्या. टोकन कुणाचं ते वहीत लिहा आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवा. एका माणसाचं एक फोल्डर, त्यातच त्याचं स्कॅन, त्याचा फोटो, त्याची पोचपावती. पुसायची वेळ येईल तेव्हा ते फोल्डर एका झटक्यात जातं.

चौथी पायरी: ओटीपी, मोबाईल क्रमांक, पासवर्ड आणि डोंगल

इथे थोडं थांबून लिहितो, कारण माणसाचं खरं नुकसान इथेच होतं.

२०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी आमच्या दाराबाहेर पहाटेपासून रांगा होत्या. पुढे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी आली, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचंही प्रमाणीकरण लागत होतं. नवरा पुण्याला कंपनीत, बाई इथे काउंटरवर, फोनवरून ओटीपी विचारायचा आणि आम्ही टाकायचा. एका बाजूला बँका सांगतात ओटीपी कुणाला देऊ नका, दुसऱ्या बाजूला आम्ही दिवसभर ओटीपी मागत असतो. माणूस गोंधळणार नाही तर काय होणार!

म्हणून ओटीपी मागायची पद्धत ठरवा. मेसेज आला की गिऱ्हाइकाला तो पूर्ण वाचायला सांगा. वाचता येत नसेल तर आपण मोठ्याने वाचून दाखवा: ‘हा आधारचा मेसेज आहे, तुमच्या या अर्जासाठी आहे, पैशांचा नाही.’ मग शक्य असेल तर अंक त्यांनाच टाकू द्या. कळफलक त्यांच्यापुढे सरकवायला दहा सेकंद लागतात. आणि एका ओटीपीवर एकच काम. ‘आलाच आहे तर सोबत हेही करून टाकू’ हे त्यांच्या संमतीशिवाय करायचं नाही, मग ते त्यांच्या भल्याचं का असेना.

आता आमच्या धंद्यातली एक वाईट सवय सांगतो. गिऱ्हाइकाच्या अर्जात मोबाईल क्रमांक आणि ईमेल दुकानाचा टाकायचा. कारण असं दिलं जातं की त्यांना ईमेल नसतो, त्यांचा फोन बंद असतो, मेसेज त्यांना कळत नाहीत. यातलं काही खोटं नाही. पण परिणाम काय होतो ते बघा. अर्ज मंजूर झाला की मेसेज दुकानदाराला. त्रुटी निघाली की मेसेज दुकानदाराला. पासवर्ड बदलायचा तर दुकानदाराच्या फोनवर. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघालेलं पोरगं कॉलेजात चकरा मारतं आणि त्रुटीचा मेसेज भलत्याच फोनवर आठवडाभर न वाचलेला पडलेला असतो. उद्या त्याला दुसऱ्या केंद्रावर जायचं झालं तरी जाता येत नाही. त्याचं खातं त्याच्या नावाचं, पण किल्ली दुसऱ्याकडे. हे करू नका. फोन नसेल तर घरातल्या मुलाचा किंवा सुनेचा क्रमांक टाका. तो कुणाचा आहे ते त्यांच्या कागदावर लिहून द्या.

पासवर्डचंही तसंच. सगळ्या गिऱ्हाइकांना नाव आणि पुढे १२३ असा एकाच साच्याचा पासवर्ड देणं म्हणजे सगळ्या घरांना एकच किल्ली. पासवर्ड गिऱ्हाइकाला सुचवायला सांगा, पोचपावतीच्या मागे त्याच्या हाताने लिहू द्या, आपल्या वहीत उतरवू नका. ब्राउझर ‘पासवर्ड जतन करू का’ विचारतो तिथे कायम ‘नाही’. आणखी चांगलं म्हणजे दुकानाच्या ब्राउझरमध्ये हा पर्याय आणि फॉर्म आपोआप भरण्याचा पर्याय, दोन्ही बंदच करून टाका. नाहीतर एकाच्या अर्जात दुसऱ्याचा पत्ता उमटतो.

डोंगलबद्दल: ठेकेदार, व्यापारी, कधीकधी कार्यालयातले साहेबही आपल्या डिजिटल सहीचा डोंगल (सही साठवलेलं पेनड्राइव्हसारखं उपकरण) पिनसकट ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जातात. ‘तुझ्यावर विश्वास आहे’ असं वर म्हणतात. हा विश्वास नम्रपणे नाकारा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी सही करणाऱ्यानेच घ्यायची असते. त्याच कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरण्याबद्दल आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. आपल्या मनात लबाडी नसेल, पण डोंगल ड्रॉवरमध्ये असताना कुणी वापरला तर ‘मी नव्हे’ हे सिद्ध करणार कसं?

पाचवी पायरी: खरं तेच भरा, आणि भरलेलं वाचून दाखवा

‘उत्पन्न किती टाकू?’ हा प्रश्न ऑपरेटरने विचारायचा, आणि ‘टाका तुम्हीच काहीतरी बसेल असं’ हे उत्तर ऐकून बोटं थांबवायची. स्वयंघोषणापत्राखाली सही त्या माणसाची असते. खोटं निघालं तर तो अडकतो आणि त्याला धड आठवतही नसतं की काय लिहिलं होतं. अर्ज सादर करायच्या आधी भरलेली माहिती ओळीने वाचून दाखवा. ‘मला मान्य आहे’ची चौकट गिऱ्हाइकाला न विचारता टिचकवू नका. तीन पानी इंग्रजी मजकुराचं मराठी सार दोन वाक्यांत सांगता येतं.

कागदात बदल करून मागणारेही येतात. दाखल्यावरची तारीख, गुणपत्रिकेतला एक अंक, जन्मतारखेचं वर्ष. कधी समोरचा रडकुंडीला आलेला असतो, प्रवेशाची शेवटची तारीख असते आणि नकार देताना जड जातं. मी माझ्यापुरती रेघ अशी ओढली आहे: कागद नीट वाचता यावा म्हणून उजेड वाढवणं, डाग काढणं, सरळ करणं चालेल. कागद वेगळा वाचला जावा म्हणून त्यातलं एक टिंबही हलवायचं नाही. नकार दिल्यावर पुढची खरी वाट मात्र सांगा. नावात चूक असेल तर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात, जन्मतारखेसाठी शाळेच्या दाखल्यात दुरुस्तीचा अर्ज. बहुतेक लोक खोटेपणा करायला आलेले नसतात, त्यांना खरी वाट माहीत नसते.

सहावी पायरी: काम झालं की पुसा

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. ती याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची होती. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्यासाठीच ती वापरायची आणि ते काम संपलं की पुसायची, हा त्याचा गाभा आहे. दिल्लीतल्या निकालाचा आमच्या झेरॉक्सच्या दुकानाशी संबंध येतो तो रोज संध्याकाळी, शटर ओढायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत.

त्या पंधरा मिनिटांत कुठे कुठे बघायचं ते सांगतो. त्या दिवशीची टोकनची फोल्डरं. डाउनलोड्स. डेस्कटॉप. स्कॅनरचं सॉफ्टवेअर स्वतःची एक वेगळी प्रत बहुधा पिक्चर्समध्ये किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवतं, ती. प्रिंटरच्या रांगेत अडकलेली कामं. ईमेलने पाठवलं असेल तर ‘सेंट’मधला मेल. फोनवरचे फोटो. आणि शेवटी रिसायकल बिन, जे रिकामं करायला हमखास विसरतं. फाईल निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं तर ती बिनमध्ये न जाता थेट जाते, पण मग चुकून गेलेली बिनमधून परत मिळत नाही हेही लक्षात ठेवा. विसराळूपणावर उपाय म्हणून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज, त्यात ‘स्टोरेज सेन्स’ चालू करा. डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या फायली आणि बिनमधला कचरा ठरावीक दिवसांनी आपोआप काढायची सोय तिथे आहे. दोन्हीकडे १ दिवस निवडा.

पुसलेली फाईल जुन्या हार्डडिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते आणि तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत काढता येते. म्हणून दुकानाच्या संगणकाची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे तिच्यावरचं सगळं सांकेतिक रूपात कुलूपबंद करा. संगणक चोरीला गेला तरी पासवर्डशिवाय डिस्क वाचता येत नाही. रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड अडला तर डिस्क उघडणारा क्रमांक, मात्र कागदावर लिहून घरी जपून ठेवा.

आता गिऱ्हाईकच म्हणतं, ‘राहू द्या तुमच्याकडेच, पुढच्या वर्षी लागेल.’ याचं उत्तर सोपं नाही. वयस्कर माणसाला पेनड्राइव्ह आणि ईमेल काय सांगणार? आणि पुढच्या जूनमध्ये तोच माणूस पुन्हा सातबाऱ्यापासून सगळं गोळा करत फिरणार हेही दिसत असतं. तरी मी ठेवत नाही. ज्यांना जमतं त्यांचं डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप, त्यांच्याच फोनवर उघडून देतो. ज्यांना जमत नाही त्यांना सगळ्या कागदांच्या दोन स्वच्छ प्रती आणि मंजूर दाखल्याची प्रिंट एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून देतो. फाईलचे पंधरा-वीस रुपये लागतात, ते सांगून घेतो. लोक देतात.

फसलेल्या प्रती हा संगणकाबाहेरचा विषय वाटेल, पण तो याचाच भाग आहे. शाई फिकी आली, कागद तिरका गेला की ते पान बाजूच्या गठ्ठ्यावर पडतं, गठ्ठा रद्दीत जातो आणि एक दिवस स्टँडवर गरम वडापावखाली तेलाने पारदर्शक झालेलं कुणाचं तरी पासबुकाचं पहिलं पान येतं: नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, फोटो. मी हे हातात धरून वाचलं आहे. फसलेलं पान तिथल्या तिथे आडवं-उभं फाडा. पानं जास्त निघत असतील तर कागद कापायचं छोटं यंत्र घ्या.

सॉफ्टवेअर आणि जुनी यंत्रं

चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा त्याच्या निर्मात्यावर अन्याय आहेच. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३बी खाली जाणूनबुजून तसं वापरण्याला कमीत कमी ७ दिवसांची कैद सांगितली आहे. पण आपल्यासारख्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. कुठूनतरी उतरवलेल्या क्रॅकबरोबर (सॉफ्टवेअरचं परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या फाईलबरोबर) पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि आपल्या यंत्रावर पासवर्ड आपला एकट्याचा नसतो, अख्ख्या तालुक्याचा असतो. पत्रं-अर्ज लिहायला लिब्रेऑफिस मोफत आहे. मराठीसाठी युनिकोडमधला ‘मुक्ता’सारखा देखणा टंक मोफत आणि कायदेशीर मिळतो.

संगणक विकताना किंवा शाळेला देताना डिस्क पूर्ण पुसून द्या, नाहीतर काढूनच घ्या. दुरुस्तीला देतानाही शक्यतो डिस्क काढून द्या. मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही बऱ्याचदा हार्डडिस्क असते आणि प्रतींची चित्रं तिच्यात राहू शकतात. यंत्र बदलताना तंत्रज्ञाला ती समोर पुसायला लावा.

चूक झालीच तर

लपवू नका. त्या आईला मी पहिल्या दिवशी ‘आमच्याकडून गेलं नसणार’ म्हणालो होतो. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं: फाईल राहिली होती, स्क्रीनवर दिसली, चूक माझी. मुलगी दारातच उभी होती. ती म्हणाली, “निदान कळलं तरी कुठून गेलं. मी घरातल्याच माणसांवर संशय घेत होते.” तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की मी गप्प राहिलो त्या एका दिवसात ती आपल्याच बहिणीशी भांडली होती.

तर चूक कळल्याबरोबर त्या माणसाला गाठा आणि तीन गोष्टी सांगा: नेमका कुठला कागद गेला, कुठे गेला, केव्हा गेला. आधारची प्रत भलत्या हाती गेली असेल तर आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून त्यांचं बायोमेट्रिक लॉक करून द्या, म्हणजे बोटांच्या ठशावर कुणाला पैसे काढता येणार नाहीत. पासबुक किंवा कार्ड गेलं असेल तर त्यांच्यासोबत बँकेत जा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा, तोही त्यांच्याच फोनवरून आणि लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले गेले तर परत मिळायची आशा असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक त्यांच्या कागदावर लिहून द्या आणि आपल्या वहीत त्या दिवसाच्या टोकनपुढे काय घडलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. हा सगळा वेळ आणि खर्च आपला. त्याचे पैसे लावायचे नाहीत.